पलांग्याला नारळ

मुलाचा पगार किती, शिक्षण काय, स्वभाव कसा, हे प्रश्न नथानिएल किहीमकरांच्या मते नंतरचे. त्यांचा पहिला प्रश्न एकच असे, "गाव कोणतं?"

आता कोणी म्हणेल, टोरोंटोच्या स्कारबरो भागात अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला गावाची एवढी उठाठेव कशाला? तर त्याला कारण होतं. किहीमकर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांच्या पूर्वजांचं जहाज दोन हजार वर्षांपूर्वी कोकणच्या किनाऱ्याला फुटलं, असं त्यांच्यात घरोघर सांगतात. जहाजाबरोबर सामान बुडालं, धर्मग्रंथ बुडाले, नातेवाईक बुडाले. जे वाचले त्यांनी ओले कपडे पिळले आणि जवळचं एखादं गाव धरलं. पुढे त्याच गावावरून त्यांची आडनावं पडली. पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, किहीमचे ते किहीमकर. सगळं बुडालेल्या माणसाला गावाचा केवढा आधार असतो, हे किहीमकर कोणालाही, विचारलेलं नसतानाही, समजावून सांगत. त्यांच्या आजोबांनी म्हणे मुलाच्या गावची विहीर, रस्ता आणि शेजारी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकाही मुलीला होकार दिला नव्हता.

त्यात किहीमकरांचा पेशा लिफ्ट तपासण्याचा. लिफ्टमध्ये शिरल्यावर माणसं मजल्याचे आकडे बघतात, किहीमकर सर्टिफिकेटवरची तारीख बघत. तपासल्याशिवाय सही नाही, हे त्यांचं ब्रीद. त्यापायी एका मोठ्या इमारतीतले लोक आठवडाभर जिने चढत होते, आणि त्यांतले काही अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीनं, शेलीनं, स्वतःच लग्न ठरवलं. मुलगा बेन, हायस्कुलात संगीत शिकवणारा. किहीमकरांना तो आवडलाही. ज्यू होता, नोकरीत होता, आणि शेलीच्या आईचं, जेमिमाबाईंचं, माशाचं कालवण डोळ्यांतून पाणी गाळत दुसऱ्यांदा वाढून घेत होता. राहता राहिला गावाचा प्रश्न. तो किहीमकरांनी दोन हजार दहाच्या वसंतात एका शुक्रवारी संध्याकाळी, बेनच्या आईवडिलांच्या घरी, भरल्या ताटावर विचारला.

टेबलाच्या टोकाला बेनचे आजोबा बसले होते. सगळे त्यांना झेडी म्हणत. आजोबांना त्यांच्यात तसंच म्हणतात. वय शहाऐंशीच्या घरात, जोड्यांचं दुकान चालवून निवृत्त झालेले. माणसाच्या तोंडाआधी पायांकडे बघायची सवय. किहीमकरांचे बूट बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "भारतात ज्यू कधीपासून?"

"दोन हजार वर्षं," किहीमकर म्हणाले. "तुमचे कॅनडात कधीपासून?"

सगळे हसले. झेडीसुद्धा ओठाच्या कोपऱ्यातून हसले. किहीमकरांनी इथं थांबायला हरकत नव्हती. जेमिमाबाईंनी टेबलाखालून पायानं तशी सूचनाही केली. पण रंगात आलेल्या माणसाला पायाची भाषा कळत नाही.

"आणि तुमचं गाव कोणतं?"

"टोरोंटो," बेनचे वडील घाईघाईनं म्हणाले.

"टोरोंटो काय, आम्हीही राहतो. मूळ गाव?"

बेनच्या आईनं अजून न संपलेल्या बश्या उचलायला सुरुवात केली. झेडींनी हातरुमालाची घडी घातली. मग म्हणाले, "मला गाव नाही. होतं. आता नाही."

"असं कसं?" किहीमकर म्हणाले. "माणसं जातात. गाव कुठं जातंय? गाव तिथंच असतं."

झेडी उठले. काठी घेतली, कोट घेतला आणि कोणाकडे न बघता निघून गेले. दुसऱ्या दिवशी बेनचा फोन आला की झेडी लग्नाला येणार नाहीत.

मग बेननं घरी येऊन सगळं सांगितलं. गावाचं नाव पलांगा. लिथुआनिया नावाच्या छोट्या देशातलं, समुद्रकाठचं छोटं गाव. झेडी बारा वर्षांचे असताना मामाबरोबर टोरोंटोला आले. आईवडील आणि दोघी बहिणी मागून येणार होत्या. कागदपत्रं रखडली, मग लढाई लागली, मग जर्मन आले. मागून कोणीच आलं नाही. "त्यानंतर झेडींनी गावाचं नाव घेतलं नाही," बेन म्हणाला, "आणि घरात कोणी काढलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्हीच विचारलंत."

किहीमकरांना भयंकर लाज वाटली. एवढी की त्यांनी चहा नको म्हटलं, आणि हे जेमिमाबाईंनी तीस वर्षांच्या संसारात प्रथमच ऐकलं.

"पपा, जस्ट अपॉलोजाइज," शेली म्हणाली. "गो टु हिज प्लेस अँड से सॉरी. दॅट्स ऑल."

"सॉरी म्हणून काय होणार? मी त्यांच्या तोंडावर म्हणालो, गाव तिथंच असतं. ते आहे की नाही हे न बघताच म्हणालो. आता बघून येतो, आणि मग त्यांच्यासमोर जातो."

"नोबडी इज आस्किंग यू टु गो टु लिथुएनिया!"

"मुलीच्या बापाला कोणी आस्क करावं लागत नाही. आणि मी परत येईपर्यंत लग्नाची तारीख ठरणार नाही."

"पपा! वी हॅव ऑलरेडी बुक्ड द हॉल!"

"हॉलचंही गाव बघितलं पाहिजे," किहीमकर म्हणाले, पण हे त्यांनी शेली दार आपटून गेल्यावर म्हटलं.

बातमी शेजारी शरदचंद्रांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. शरदचंद्र मूळचे नागपूरचे. एका टूरमध्ये अकरा देश पाहून आल्यापासून युरोप हा त्यांचा खाजगी विषय झाला होता.

"बाप्पा! लिथुआनियाले जाऊन काय करून राहिले तुम्ही, किहीमकरसाहेब? आमच्या टूरमध्ये तर नव्हतंच ते," ते म्हणाले. टूरमध्ये नाही म्हणजे युरोपात नाही, असा एकूण सूर. मात्र जाणारच म्हटल्यावर त्यांनी सल्ल्यांची पोतडी उघडली. त्यातले दोन सल्ले पुढे महाग पडले. पहिला, "तिकडं पाकीट मारतात. पैसे बनियनच्या आत खिसा शिवून ठेवा." आणि दुसरा, "खायचं सामान एका बॅगेत, कपडे दुसऱ्या. नाहीतर सगळ्या कपड्यांले लोणच्याचा वास लागते."

आता व्हिसा. जेमिमाबाई कॅनडाच्या नागरिक, त्यांना व्हिसा लागत नव्हता. किहीमकर मात्र उद्या अप्लाय करू, परवा करू म्हणत अजून भारतीयच होते. "बघा, मातृभूमीशी इमान राखलं की असं होतं," ते म्हणाले. "इमान कुठलं, आळस," जेमिमाबाई म्हणाल्या. तर व्हिसासाठी ओटावाला जाणं आलं. किहीमकर पहाटे निघाले, गाडी हाकत ओटावाला पोचले, आणि वकिलातीचं दार बंद. तारीख चोवीस जून. इमारतीच्या पहारेकऱ्यानं सांगितलं की आज त्यांचा मोठा सण आहे, रात्रभर शेकोट्या पेटवतात, जंगलात जाऊन नेच्याचं फूल शोधतात.

"नेच्याला फूल येतच नाही," किहीमकर म्हणाले.

"म्हणूनच रात्रभर शोधतात," पहारेकरी म्हणाला.

जेमिमाबाईंनी डब्यात दिलेली चपाती-भाजी त्यांनी गाडीत बसून खाल्ली आणि तितकेच तास गाडी हाकत घरी आले. 

दुसऱ्या खेपेला दार उघडं होतं. आत एक शांत चेहऱ्याची बाई बसली होती.

"प्रवासाचं कारण?"

"मुलीचं लग्न ठरलंय. मुलाचं गाव बघायचंय."

"मुलगा तिथं राहतो?"

"नाही. टोरोंटोत."

"त्याचे आईवडील?"

"टोरोंटोत."

"मग तिथं तुमचं कोण आहे?"

"तेच बघायला चाललोय," किहीमकर म्हणाले.

बाईनं पेन खाली ठेवलं. माणूस वेडा आहे की लबाड, याचा तिला अंदाज येईना. मग तिनं गावाचं नाव विचारलं. "पलांगा" ऐकल्यावर तिचा चेहराच बदलला. लहानपणी दर उन्हाळ्यात ती तिथं जायची म्हणे. व्हिसा मिळाला आणि वर धुरी दिलेला मासा कुठं चांगला मिळतो, तेही कळलं.

निघायच्या आदल्या दिवशी जेमिमाबाई मार्कहॅम रोडवरच्या तमिळ दुकानातून नारळ घेऊन आल्या. चांगला शेंडीवाला, हलवला की आत पाणी डुचमळणारा.

"हा कशाला?"

"मुलाच्या घरी पहिल्यांदा जाताना रिकाम्या हातानं जातात का? उंबरठ्यावर गेलं की घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात द्यायचा."

"अगं, पण तिथं त्यांचं कोणी..."

"तुम्ही गाव बघायला चाललात ना? मग मी नारळ देणार," जेमिमाबाई म्हणाल्या. नारळ खाण्याच्या बॅगेत गेला.

लिथुआनियाच्या राजधानीत, व्हिल्न्यूसच्या विमानतळावर, खाण्याची बॅग आली. कपड्यांची आली नाही. ती कुठं गेली हे कोणालाच सांगता येईना. शरदचंद्रांच्या कृपेनं किहीमकर दांपत्याजवळ दोन प्रकारची लोणची, थेपल्यांची चळत, एक नारळ आणि अंगावरचे कपडे एवढीच संपत्ती उरली. त्यात विमानातल्या कॉफीनं किहीमकरांचा शर्ट आधीच रंगवलेला. जेमिमाबाईंना बसस्टँडजवळ एक बरा झगा मिळाला. किहीमकरांच्या पोटाला होईल असं मात्र एकच वस्त्र त्या दुकानात होतं. राष्ट्रीय बास्केटबॉल संघाचा हिरवा-पिवळा ट्रॅकसूट, पाठीवर मोठ्या अक्षरांत देशाचं त्यांच्या भाषेतलं नाव, लिएतुवा. पैसे देताना बनियनमध्ये हात घालावा लागला, तेव्हा दुकानातली मुलगी दोन पावलं मागं सरली.

बास्केटबॉल म्हणजे त्या देशाचा प्राण. त्यामुळे वराचं गाव बघायला निघालेल्या वधूपित्याला रस्त्यातले लोक मुठी उंचावून "लिएतुवा! लिएतुवा!" असे ओरडू लागले. पहिल्यांदा किहीमकर दचकले. चौथ्यांदा त्यांनीही मूठ उंचावली.

पलांग्याच्या बसस्टँडवर 'खोल्या भाड्यानं' अशा पुठ्ठ्याच्या पाट्या घेऊन बायका उभ्या होत्या. त्यातली दानुते नावाची बाई शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. तिच्याकडे खोली मिळाली. पुढं सफरचंदाची झाडं, मागं अंगण, आणि हवेत सुक्या मासळीच्या जवळपास जाणारा वास. जेमिमाबाईंनी खोल श्वास घेतला आणि म्हणाल्या, "गाव बरं आहे." रात्री दानुतेनं गुलाबी रंगाचं गार सूप वाढलं. जेमिमाबाईंनी ती सोलकढीच समजून घोटभर घेतली, तर ते बीट आणि ताक. "कोकम नाही घालत?" त्यांनी विचारलं. दानुतेनं कोकम म्हणजे काय ते वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तपासणी सुरू झाली. विहीर, रस्ता, शेजारी. विहिरी बुजल्या होत्या, नळाला पाणी जोरात होतं. किहीमकरांनी तोंड लावून पाहिलं आणि पास केलं. रस्ता सरळ समुद्राकडे जात होता आणि पुढं पाण्यात लांबवर गेलेल्या धक्क्याला मिळत होता. धक्क्यावर किहीमकर वाकले, कठड्याचे बोल्ट पाहिले, दोन ठिकाणी पाय आपटून पाहिला, पोटावर पडून खालचे खांब पाहिले. बघ्यांची गर्दी जमली. राष्ट्रीय ट्रॅकसूट घातलेला काळासावळा माणूस धक्क्यावर पालथा पडून काय बघतो आहे, हे कोणालाही कळेना. एका म्हातारीनं त्यांना पाण्याची बाटली दिली.

दानुते सोबत चालत गावाचा इतिहास सांगत होती. फार पूर्वी बिरुते नावाची मुलगी समुद्राकाठी पवित्र अग्नी राखायची. एक ड्यूक आला, प्रेमात पडला. ती नाही म्हणाली, तरी तो तिला घेऊन गेला.

"म्हणजे मुलीकडच्यांनी मुलाचं गाव पाहिलं नव्हतं," किहीमकर जेमिमाबाईंना म्हणाले. "बघ, काय होतं ते."

मग कळलं की हे गाव आधी या देशात नव्हतंच. पहिल्या महायुद्धानंतर ते शेजारच्या लाटवियाकडे होतं आणि लिथुआनियाला समुद्रच नव्हता. मग लवाद बसला आणि त्यानं गाव यांना देऊन टाकलं.

"आणि समोरच्यांनी ऐकलं?"

"ऐकलं."

किहीमकर रस्त्यातच उभे राहिले. मग त्यांनी दानुतेला बेळगावचा सीमाप्रश्न पहिल्यापासून समजावून दिला. धक्का संपला, रस्ता संपला, बाग आली, तरी बेळगाव संपेना. शेवटी दानुतेनं विचारलं, "मग निकाल काय लागला?" किहीमकर म्हणाले, "लागेल."

बागेतल्या जुन्या महालात अंबरचं संग्रहालय होतं. अंबर म्हणजे लाखो वर्षांपूर्वी गोठलेला झाडांचा डिंक, मधाच्या रंगाचा. त्या समुद्रातून तो किनाऱ्याला लागतो. किहीमकरांनी बाहेर एका म्हाताऱ्याकडून वाटाण्याएवढा तुकडा विकत घेतला. पुन्हा बनियन, पुन्हा लोकांचं बघणं. दानुतेनं तो उजेडात धरला आणि म्हणाली, "ही बिअरची बाटली आहे. लाटांनी घासून गुळगुळीत झालेली." वधूपित्याचा मान राखायचा म्हणून किहीमकरांनी तो तुकडा तरीही खिशात टाकला.

"खरं अंबर इथं कोण घडवायचं?" त्यांनी विचारलं.

"ज्यू कारागीर," दानुते म्हणाली. "ह्या गावाचं अंबर त्यांच्या हातानंच जगभर गेलं."

"मग त्यांची घरं कुठं आहेत?"

दानुतेनं रस्त्याकडे नुसता हात केला. लाकडी घरं होती, युद्धाआधीच्या मोठ्या आगीत बरीच गेली. उरली त्यांत आता दुसरे लोक. झेडींच्या घराचा पत्ता कोणालाच सांगता येईना. जेमिमाबाई पिशवीत नारळ घेऊन रोज बाहेर पडत आणि रोज तो परत आणत. गल्लीतल्या मुलांना वाटलं, ही बाई पिशवीत कोणाचं तरी केसाळ डोकं घेऊन फिरते. एका गृहस्थानं त्या नारळाची किंमत विचारली. जेमिमाबाईंनी त्याला मराठीतच सुनावलं.

शेवटी दानुतेनं अंगणात बसल्यावर विचारलं, "हे फळ तुम्ही कोणाला देणार आहात?"

"मुलाच्या घरच्यांना," जेमिमाबाई म्हणाल्या. "आमच्यात उंबरठ्यावर द्यायची रीत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दानुतेनं काळे बूट घातले आणि म्हणाली, "चला."

बागेच्या कडेला, पाइनच्या झाडांत, एक दगड उभा होता. तिनं काही लपवलं नाही. जर्मन आले त्या पहिल्याच आठवड्यात ज्यू पुरुषांना इथं आणून मारलं. बायका आणि मुलांना शरद ऋतूत, गावाबाहेरच्या जंगलात. झेडींच्या आईचं नाव, बहिणींची नावं कुठं लिहिलेली नव्हती. पण त्या तिथंच असणार, दुसरीकडे कुठं असणार?

विहीर पाहून झाली होती, रस्ता पाहून झाला होता. किहीमकरांनी सवयीनं, तोंडातून निघून गेलं म्हणून, विचारलं, "शेजारी कुठं होते?"

"शेजारी इथंच होते," दानुते म्हणाली. "काहींनी लपवलं. काहींनी मारणाऱ्यांना मदत केली. बाकीच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. माझ्या आईनं खिडकी लावली होती. मरेपर्यंत तेच सांगत होती."

किहीमकरांना रडू आलं. लग्नाच्या बैठकीत सहज विचारायचा प्रश्न आपण कोणाला विचारला, हे त्यांना तिथं उभं राहून नीट कळलं. मृतांसाठी म्हणायची प्रार्थना दहा ज्यू पुरुष असल्याशिवाय म्हणता येत नाही, आणि इथं ते एकटेच होते. म्हणून एकट्यानं म्हणता येतं ते स्तोत्र त्यांनी म्हटलं, हिरव्या-पिवळ्या ट्रॅकसूटमध्ये, टोपी नव्हती म्हणून डोक्यावर जेमिमाबाईंचा रुमाल घेऊन. ज्यूंच्या रीतीप्रमाणे एक खडा उचलून दगडावर ठेवला. जेमिमाबाईंनी नारळ पिशवीतून काढला, हातात धरला, आणि पुन्हा आत ठेवला.

"इथं नाही," त्या म्हणाल्या. "इथं घेणारं कोणी नाही. ज्यांचं घर आहे त्यांच्याच हातात देऊ."

टोरोंटोच्या विमानतळावर कस्टम्सच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "काही डिक्लेअर करायचंय?"

"एक नारळ," किहीमकर म्हणाले.

"लिथुआनियाचा?"

"नाही, मार्कहॅम रोडचा."

"तुम्ही इथून नारळ नेलात, आणि तोच परत आणलात?"

"तिथं घ्यायला कोणी नव्हतं."

अधिकाऱ्यानं नारळ उलटसुलट केला, हलवला, कानाशी धरला, आणि पुढच्या माणसाकडे बघत हातानं जा म्हटलं. कपड्यांची बॅग घरी त्यांच्या आधी येऊन दारात उभी होती.

झेडींच्या अपार्टमेंटला किहीमकर सूट घालून गेले. जेमिमाबाई, शेली, बेन मागं. झेडींनी नातवाच्या आग्रहाखातर दार उघडलं खरं, पण स्वतः खुर्चीत जाऊन बसले आणि कोणाला बसा म्हटलं नाही. किहीमकर उभ्यानंच बोलले.

"त्या दिवशी तुम्हाला दुखवलं, त्याची माफी मागतो. विचारलं ते चुकलं असं नाही म्हणणार, आमच्यात विचारतातच. पण आधी बघून यायला हवं होतं. आता बघून आलो." "पाणी चांगलं आहे. रस्ता चांगला आहे. जुना धक्का वादळात गेला, नवा बांधलाय, मी खालून तपासला, मजबूत आहे. शेजारी..." ते थांबले. "शेजाऱ्यांपुढं मी शेरा लिहिला नाही."

"मला माहीत आहे," झेडी म्हणाले.

जेमिमाबाई पुढं झाल्या. त्यांनी पदर नीट केला आणि नारळ झेडींच्या दोन्ही हातांत ठेवला. "हा तुमच्या घरासाठी नेला होता," त्या म्हणाल्या. "तिथं घ्यायला कोणी नव्हतं. घरातले मोठे तुम्हीच, म्हणून परत आणला."

झेडी नारळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "संध्याकाळी लोक अजून धक्क्यावर जातात?"

"सगळं गाव जातं," किहीमकर म्हणाले. "सूर्य बुडेपर्यंत उभं राहतं. मग घरी जातं."

"माझी आईसुद्धा जायची," झेडी म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते त्यांनी पुसलं नाही, कारण हातात नारळ होता.

किहीमकरांनी आजोबांपासून चालत आलेलं वाक्य म्हटलं. "गाव चांगलं आहे. मुलगी द्यायला माझी हरकत नाही."

मग किहीमकरांनी खिशातून तो तुकडा काढला. "अंबर आणलंय. म्हणजे, तिथल्या बाई म्हणाल्या की..."

झेडींनी नारळ मांडीवर ठेवला, तुकडा उजेडात धरला, जिभेला लावून पाहिला. आणि हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग खुर्ची. "बाटली! आम्ही पोरं हीच विकायचो, उन्हाळ्यात येणाऱ्या श्रीमंतांना! वाळूत घासून घासून! अजून विकतात?"

"अजून विकतात," किहीमकर म्हणाले, आणि आपण फसलो याचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला.

बेन पुढं वाकला. "झेडी, मग लग्नाला येणार ना?"

झेडींनी डोळे पुसले. किहीमकरांच्या बुटांकडे बघितलं, मग तोंडाकडे. "किहीम म्हणजे तुमचं गाव, नाही का? तेही समुद्रावर?"

"हो. उत्तम गाव," किहीमकर ताठ झाले. "नारळीची झाडं, पांढरी वाळू..."

"धक्का आहे?"

किहीमकरांनी टायची गाठ सैल केली.

"पाणी? रस्ता? शेजारी कसे आहेत?"

"सांगा ना," जेमिमाबाई म्हणाल्या. "अहो, ह्यांनी किहीम पाहिलेलंच नाही. जन्म सगळा मुंबईत, माझगावात गेला. समोरून तिकडची लाँच सुटायची, पण हे कधी बसले नाहीत. पलांगा मात्र पाहून आले."

"पपा!" शेली ओरडली. "यू हॅव नेव्हर बीन?"

झेडींनी काठी जमिनीवर टेकवली आणि लिफ्ट इन्स्पेक्टरकडे इन्स्पेक्टरच्याच नजरेनं पाहिलं.

"मग गाव पाहिल्याशिवाय," ते म्हणाले, "मी माझा मुलगा कसा देऊ?"

हॉलची तारीख पुढं ढकलली गेली. आधी किहीमची तिकिटं काढायची ठरली, झेडींचं पहिलं. जेमिमाबाईंनी निघताना नारळाकडे हात केला. किहीमला रिकाम्या हातानं कसं जायचं? पण झेडींनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. तो काही त्यांनी परत दिला नाही.